प्रिस्माफ्लेक्स: कोविडच्या आयसीयूत फिल्टर किती तास टिकतो?

व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णाची लघवी तासाला दहा मिलीवर आली, पोटॅशियम साडेसहाच्या पुढे गेलं आणि बीपी टिकवणारं औषध नॉरअ‍ॅड वाढतच चाललं, की चार तासांचं नेहमीचं डायलिसिस त्याला झेपत नाही. बीपी ढासळतं. मग चोवीस तास संथ चालणारं डायलिसिस, म्हणजे सीआरआरटी लावतात. त्यासाठीच्या यंत्रांमधलं प्रिस्माफ्लेक्स हे सगळ्यांत ओळखीचं. मूळ गॅम्ब्रोचं, २०१३ मध्ये बॅक्स्टरकडे गेलेलं. २०२५ पासून किडनीचा हा सगळा विभाग व्हँटिव्ह नावाने चालतो. पुढचं मॉडेल प्रिस्मॅक्स आलं तरी जुनी प्रिस्माफ्लेक्स ठिकठिकाणी चालू आहेत आणि सेकंडहँड बाजारातही फिरतात. म्हणून हे परीक्षण.

माहितीपत्रकातल्या रंगीत स्क्रीनवरून या यंत्राची पारख होत नाही. विचारायचं एकच: एक सेट (फिल्टर आणि त्याच्या नळ्या) किती तास चालला? कंपनीची मर्यादा ७२ तासांची आहे. कोविडमध्ये रक्त इतकं गोठायला उठलेलं असतं की हा आकडा कागदावरच राहतो. फ्रान्समधल्या २०२० च्या एका अभ्यासात सीआरआरटीवरच्या २९ पैकी २८ रुग्णांमध्ये सर्किट गोठलं होतं. याचा दोष यंत्राला देता येत नाही, पण यंत्र निवडताना आणि चालवताना हिशेब याच आकड्याचा ठेवावा लागतो. एसटी १५० सेटमध्ये साधारण १८९ मिली रक्त मावतं. दिवसात दोन सेट पूर्ण गोठले तर पावणेचारशे मिली रक्त आणि दोन सेटचे पैसे पिवळ्या पिशवीत.

तयारी नळी घालण्याच्या वेळीच

न्यूयॉर्कच्या नॉर्थवेल रुग्णालयांनी २०२० मध्ये ५४४९ दाखल रुग्णांची आकडेवारी मांडली. ३६.६ टक्क्यांच्या किडनीला इजा झाली होती. व्हेंटिलेटरवरच्यांमध्ये हेच प्रमाण ९० टक्क्यांच्या जवळ होतं. व्हेंटिलेटर लागलेल्या आणि किडनी बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांची इजा इन्ट्युबेशनच्या (श्वासनळीत नळी घालण्याच्या) आगेमागे चोवीस तासांत दिसली. कारणं एकात एक गुंतलेली असतात: ऑक्सिजनची कमतरता, शॉक, व्हेंटिलेटरच्या जास्त दाबामुळे (पीप) शिरांत तुंबणारं रक्त, बारीक वाहिन्यांतल्या गुठळ्या, वर कोलिस्टिन किंवा व्हँकोमायसिनसारखी अँटिबायोटिक. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे म्युकरमायकोसिस आला आणि त्याच्या औषधाने, अ‍ॅम्फोटेरिसिनने, उरलीसुरली किडनी गेली अशा केसेस महाराष्ट्रात पुष्कळ झाल्या.

यावरून कामाची गोष्ट निघते ती ही, की श्वासाची नळी घालताना औषधांची सेंट्रल लाइन उजव्या मानेत टाकू नका. ती डावीकडे जाऊ द्या. उजवी जुग्युलर (मानेतली मोठी शीर) डायलिसिस कॅथेटरसाठी राखून ठेवा, कारण ती सरळ हृदयाकडे उतरते आणि तिथला प्रवाह सगळ्यांत भरवशाचा असतो. उजवीकडे १५ सेंटिमीटरचं कॅथेटर पुरतं, डाव्या जुग्युलरला २०, मांडीतून २०ते २५. मांडीत १५ चं टाकलं तर टोक इलिअ‍ॅक शिरेतच अडकतं; मग दिवसभर अ‍ॅक्सेसचा (रक्त ओढणाऱ्या बाजूचा) अलार्म वाजतो आणि खापर यंत्रावर फुटतं. सबक्लेव्हियन (गळपट्टीच्या हाडाखालची शीर) अगदी शेवटचा पर्याय.

कॅथेटर चालतं की नाही हे यंत्र जोडण्याआधीच कळतं. आधीचं हेपॅरिनचं लॉक काढून टाका, मग २० मिलीच्या सिरिंजने ओढा. सहा सेकंदांत सिरिंज सहज भरली तर मिनिटाला २०० मिलीचा प्रवाह मिळतो. अडखळत, फुसफुसत भरली तर सेट उघडूच नका. आधी कॅथेटर फिरवा, मागे घ्या, नाहीतर बदला. गोठलेल्या सेटच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असं आमचं मत.

सुरुवात कधी करायची यावर वाद होता, तो २०२० च्या स्टार्ट-एकेआय चाचणीने बराच शमवला. जवळपास तीन हजार रुग्णांत लवकर डायलिसिस केलेल्यांचा ९० दिवसांतला मृत्युदर ४३.९ टक्के, थांबून केलेल्यांचा ४३.७. म्हणजे नुसतं क्रिएटिनिन चढलं म्हणून यंत्र ओढत आणायची गरज नाही. औषधाला न जुमानणारं पोटॅशियम, ७.२ च्या खाली गेलेला पीएच, लॅसिक्सला दाद न देणारं फुफ्फुसातलं पाणी, ही खरी कारणं.

सेट आणि प्राइमिंग

मोठ्यांसाठी एम १०० (०.९ चौरस मीटर) आणि एसटी १५० (१.५ चौरस मीटर) हे दोन सेट जास्त चालतात. दोन्हींत एएन ६९ झिल्ली आहे. एसटीमध्ये तिच्यावर पॉलिइथिलिनइमिनचा थर असतो आणि प्राइमिंगच्या हेपॅरिनपैकी काही तिला चिकटून राहतं. म्हणून एसटी वापरत असाल तर प्राइमिंगच्या एक लिटर सलाइनमध्ये ५००० युनिट हेपॅरिन घालायला विसरू नका, एचआयटीचा (हेपॅरिनमुळे प्लेटलेट घटण्याचा) संशय असेल तेवढा अपवाद. साध्या एएन ६९ झिल्लीवर रामिप्रिल, एनालाप्रिलसारखी गोळी चालू असलेला रुग्ण जोडला तर ब्रॅडिकायनिन वाढून सुरुवातीच्या काही मिनिटांत बीपी कोसळू शकतं. कोविडचे कितीतरी रुग्ण बीपीचे, मधुमेहाचे. घरच्या गोळ्यांची यादी आधी वाचा.

ऑक्सिरिस सेटबद्दल २०२० मध्ये फार गाजावाजा झाला. अमेरिकेच्या एफडीएने त्याला त्या वर्षी एप्रिलमध्ये आणीबाणीची परवानगी दिली, सायटोकाइन (दाह वाढवणारे पदार्थ) शोषतो या आधारावर. त्याने मृत्युदर खाली आला याचा ठोस पुरावा मात्र नाही. नातेवाइकांना कर्ज काढायला लावून तो सेट मागवू नये.

प्राइमिंग यंत्र स्वतः करतं, पडद्यावर पायरी-पायरीने सांगतं, आणि हे त्याचं मोठं बलस्थान. सेट एकसंध येतो, पंपात आपोआप बसतो. रंग लक्षात ठेवले की नवीन सिस्टरलाही दोन दिवसांत जमतं: अ‍ॅक्सेस लाल, रिटर्न (रक्त परत देणारी) निळी, पीबीपी (रक्ताच्या पंपाआधी मिसळणारं द्रावण) पांढरी, डायलिसेट (झिल्लीपलीकडून वाहणारं द्रावण) हिरवी, रिप्लेसमेंट (रक्तात थेट मिसळणारं द्रावण) जांभळी, एफ्ल्युएंट (बाहेर टाकलेलं पाणी) पिवळी. प्राइमिंगनंतर फिल्टरच्या डोक्याशी बुडबुडे दिसले तर हलकेच टिचक्या मारून ते काढा, घाईने जोडू नका. अडकलेल्या हवेपाशीच पहिली गुठळी धरते.

आकडे कसे भरायचे

८० किलोचा रुग्ण धरू. केडिगो या किडनीविषयक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक गटाच्या शिफारशीप्रमाणे रुग्णाला प्रत्यक्षात किलोमागे तासाला २० ते २५ मिली एफ्ल्युएंट मिळायला हवं. अलार्म, पिशव्या, सीटी स्कॅन यांत वेळ जातो, म्हणून लिहिताना २५ ते ३० लिहितात. २५ धरले तर तासाला २००० मिली. वाटणी अशी करता येते: डायलिसेट १०००, पीबीपी ६००, फिल्टरनंतरची रिप्लेसमेंट ३००, रुग्णातून काढायचं पाणी १००. रक्ताचा वेग मिनिटाला २००.

आता फिल्ट्रेशन फ्रॅक्शन, म्हणजे प्लाझ्माचा किती टक्के भाग गाळला जातो, ते बघा. मिनिटाला २०० म्हणजे तासाला १२,००० मिली रक्त. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या पेशींचा टक्का) ३० असेल तर त्यात प्लाझ्मा ८४००. फिल्टरमधून गाळलं जातं ६०० अधिक ३०० अधिक १००, म्हणजे १०००. पीबीपीने आधीच ६०० मिली मिसळलेलं असल्यामुळे भागायचं ९००० ने. उत्तर ११ टक्के. उत्तम. याउलट कोणी रक्त १५० वर ठेवून दोन्ही लिटर फिल्टरनंतरच्या रिप्लेसमेंटमधून दिले, तर प्लाझ्मा ६३०० आणि फ्रॅक्शन ३२ टक्के. रक्त फिल्टरमध्येच काकवीसारखं घट्ट होतं. २० च्या आसपास ठेवा, २५ ओलांडू नका. हा आकडा यंत्र पडद्यावर दाखवतं, पण हँडओव्हरमध्ये तो क्वचितच कोणी वाचतं.

फिल्टरनंतरची रिप्लेसमेंट शून्य करायचा मोह होतो. तसं करू नका. हवा काढणाऱ्या उभ्या चेंबरमध्ये रक्ताचा पृष्ठभाग हवेला टेकला की तिथे गुठळी बसते. तासाला २०० ते ३०० मिली रिप्लेसमेंट तिथे रक्तावर पाण्याचा पातळ थर धरून ठेवते. टॉर्च मारून चेंबर बघा: वर फिकट थर, खाली रक्त, हे ठीक. मध्ये काळी दोरी लोंबताना दिसली तर त्या सेटचे तास भरत आले.

हेपॅरिन की सायट्रेट

हेपॅरिन स्वस्त आणि हाताशी. २० मिलीच्या सिरिंजमध्ये १०,००० युनिट भरले तर एका मिलीत ५०० युनिट. ८० किलोला किलोमागे तासाला १० युनिट म्हणजे ८०० युनिट, म्हणजे तासाला १.६ मिली. कोविडमध्ये अडचण अशी की रक्त गोठवणारे घटक, फायब्रिनोजेन आणि फॅक्टर आठ, खूप वाढलेले असतात. हेपॅरिन भरपूर जात असूनही एपीटीटी (गोठायला लागणाऱ्या वेळेची तपासणी) हलत नाही, किंवा एपीटीटी ठीक दिसतो आणि फिल्टर तरी गोठतो. प्रयोगशाळेत अँटी-टेनए (हेपॅरिनचा परिणाम मोजणारी तपासणी) होत असेल तर ०.३ ते ०.७ च्या बेतात ठेवा. रुग्णाला आधीच गुठळीसाठी पूर्ण डोसचं इंजेक्शन चालू असेल तर यंत्रातून वेगळं हेपॅरिन सोडू नका. दोन पत्रकांवर दोन डोस, हा घोळ नेहमीचा.

सायट्रेट कोविडमध्ये सरस, एवढं ठामपणे म्हणता येतं. ते कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून फिल्टरमध्ये रक्त गोठत नाही; रुग्णाला कॅल्शियम वेगळं द्यावं लागतं. लिटरला १८ मिलिमोल सायट्रेट असलेलं द्रावण पीबीपीला लावायचं आणि रक्तात ३ मिलिमोल धरायचं. रक्त मिनिटाला १५० म्हणजे तासाला ९ लिटर. ९ गुणिले ३ म्हणजे २७ मिलिमोल. भागिले १८, म्हणजे तासाला दीड लिटर. सायट्रेट मोड असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हा डोस रक्ताच्या वेगाशी बांधलेला असतो. नसेल तर रक्ताचा वेग बदलताना सायट्रेटही हाताने बदलावं लागतं. फिल्टरनंतरचं आयोनाइज्ड कॅल्शियम ०.२५ ते ०.३५, रुग्णाच्या शरीरातलं १.० ते १.२ च्या आसपास. नमुने उलटसुलट झाले तर रुग्णाचं कॅल्शियम ०.३ आलं असं समजून धावपळ होते, म्हणून ट्यूबवर 'फिल्टर' आणि 'पेशंट' असं ठळक लिहा.

यकृत शॉकमध्ये असेल, लॅक्टेट चढत असेल तर सायट्रेट साठतं. ओळखायचं एकूण आणि आयोनाइज्ड कॅल्शियमच्या गुणोत्तरावरून. आपल्याकडे एकूण कॅल्शियम मिलिग्रॅममध्ये येतं, त्याला ४ ने भागा. १०.४ आलं तर २.६ मिलिमोल. आयोनाइज्ड १.० असेल तर गुणोत्तर २.६. अडीचच्या वर गेलं की सायट्रेट कमी करा किंवा थांबवा. नुसतं कॅल्शियमचं इन्फ्यूजन वाढवत नेणं ही घातक चूक.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कोविडच्या रुग्णांना झोपेचं औषध प्रोपोफॉल जास्त आणि लांबवर चालतं. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेलं की फिल्टर चरबीने बुजतो आणि हेपॅरिन कितीही वाढवलं तरी फरक पडत नाही. सेट दोनदा लागोपाठ गेला तर सीरम दुधाळ दिसतं का ते एकदा बघा.

अलार्म काय सांगतो

प्रिस्माफ्लेक्सचे दाब वाचायला शिकलं की यंत्र बोलू लागतं. अ‍ॅक्सेस उणे ५० ते उणे १५०, रिटर्न अधिक ५० ते १५०, ही साधारण चाल. अ‍ॅक्सेस एकदम उणे २०० ला गेला तर कॅथेटर भिंतीला चिकटलंय, नळी मुडपलीय किंवा रुग्ण खोकतोय. रिटर्न वाढला तर अडथळा निळ्या बाजूला. फिल्टरचा हळूहळू मृत्यू बघायचा तो प्रेशर ड्रॉप (फिल्टरच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक) आणि टीएमपीत (झिल्लीच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक). ड्रॉप चढतो तेव्हा पोकळ तंतूंत गुठळ्या धरताहेत; टीएमपी चढतो तेव्हा झिल्लीची भोकं बुजताहेत. एकटा आकडा कामाचा नाही, दर तासाची ओळ लागते. सुरुवातीला ड्रॉप ६० होता आणि आठव्या तासाला १४० झाला, तर 'फिल्टर क्लॉटेड' ची वाट न बघता रक्त परत द्या. एकदा पूर्ण गोठला की ते रक्त परत देता येत नाही.

गंभीर अलार्मला रक्ताचा पंप थांबतो हे महत्त्वाचं. पीपीई चढवून आत जायला पाच मिनिटं लागली तर पाच मिनिटं रक्त नळीत उभं. कोविडच्या रक्ताला तेवढं पुरतं. काही ठिकाणी लांब नळ्या लावून यंत्र खोलीबाहेर ठेवलं गेलं. त्याने जाणं-येणं वाचलं, पण बाहेर फिरणारं रक्त वाढलं, ते गारही जास्त पडलं. आमचा कल यंत्र आत आणि त्याच्या शेजारी एक माणूस कायम, याकडे.

वजनकाट्यांचं प्रकरण वेगळं. चार काटे, प्रत्येकावर पिशवी. पिशवी पलंगाला टेकली, क्लॅम्प बंद राहिला, ए आणि बी कप्प्यांमधली सील तोडायची राहिली, की फ्लो प्रॉब्लेमचा इशारा. कारण न शोधता 'कंटिन्यू' दाबत राहिलं तर रुग्णातून भलतंच पाणी निघतं किंवा आत साठतं. प्रिस्माफ्लेक्सच्या आधीच्या प्रिस्मा यंत्रावर असा वजनाचा इशारा पुन्हा पुन्हा डावलल्यामुळे रुग्ण दगावले होते आणि २००५ मध्ये एफडीएने त्याची सर्वांत गंभीर वर्गातल्या रिकॉलमध्ये नोंद केली. नव्या यंत्रात चुकीच्या पाण्याची बेरीज ठेवून उपचार थांबवायची मर्यादा आहे. ती मर्यादा वाढवून ठेवू नका.

यंत्राला फक्त स्वतःचं पाणी कळतं. तासाला १०० मिली काढतंय म्हणजे रुग्ण उणे १०० झाला असं नाही. नॉरअ‍ॅड, सेडेशन, अँटिबायोटिक, ट्यूब फीड, बाहेरच्या पंपातलं कॅल्शियम, हे सगळं सिस्टरच्या चार्टवर. दर तासाला दोन्हींची वजाबाकी करूनच पुढचा आकडा भरायचा.

प्रोन करताना

पालथं करण्याआधी दाब लिहून ठेवा. यंत्र कॅथेटरच्याच बाजूला आणा, नळ्यांना ढील द्या, एका माणसाचं काम फक्त कॅथेटर धरणं. मानेतलं कॅथेटर असेल तर ती बाजू वर मोकळी राहील असं डोकं ठेवा आणि मान तिकडे दुमडू देऊ नका. मांडीतलं असेल तर कमरेखाली उशी देऊन जांघ मोकळी करा. फिल्टर आधीच खराब होत आलेला असेल तर वळवण्याआधी रक्त परत देऊन रिसर्क्युलेशनवर (नळ्यांत नुसतं सलाइन फिरवत) ठेवलेलं बरं. पालथं झाल्यावर अ‍ॅक्सेस चाळीसेकने बिघडला तर आधी मान, मग नळी, शेवटी रक्ताचा वेग.

पिशव्या, पोटॅशियम, ताप

तासाला २००० च्या हिशेबाने दिवसाला ४८ लिटर. ५ लिटरची पिवळी पिशवी दर अडीच तासांनी भरते. दिवसात नऊ-दहा वेळा ती बदलणं, तितक्याच द्रावणाच्या पिशव्या टांगणं. या यंत्रावरची आमची सगळ्यांत मोठी तक्रार हीच. प्रिस्मॅक्सला एफ्ल्युएंट थेट ड्रेनमध्ये सोडायची जोड मिळते. नवीन घेणाऱ्याने त्याचा विचार करावा.

हेमोसोल बीझिरो या तयार द्रावणात पोटॅशियम शून्य. पहिले काही तास तेच हवं असतं. चारच्या खाली आलं की पाच लिटरमध्ये पोटॅशियम क्लोराइडची १० मिलीची एक अँप्यूल, म्हणजे २० मिलिमोल; पिशवीत लिटरला ४ होतं. दोन्ही कप्पे मिसळून झाल्यावरच घाला, पिशवी नीट उलटीपालटी करा आणि वर लेबल लावा. मिसळलेली पिशवी २४ तासांत संपवायची. फॉस्फेटही या द्रावणात नाही. तिसऱ्या दिवशी ते एकच्या खाली जातं, श्वासाचे स्नायू लुळे पडतात आणि रुग्ण व्हेंटिलेटरवरून का सुटत नाही याचा शोध भलतीकडे चालतो. रोज तपासा.

रक्त बाहेर फिरून गार होतं, त्यामुळे ताप झाकला जातो. चार्टवर ३६.५ दिसलं म्हणून जंतुसंसर्ग नाही असं धरू नका. अँटिबायोटिकही यंत्र धुऊन नेतं: किडनी बंद आहे म्हणून मेरोपेनेम अर्ध्यावर आणलेलं असतं, सीआरआरटी लागल्यावर ते परत वाढवायचं राहून जातं.

कोणी घ्यावं

२४ तास प्रशिक्षित माणूस, रात्री दोनला ब्लड गॅस आणि कपाटात किमान चार सेट, एवढं असेल तर प्रिस्माफ्लेक्स घ्यावं. नसेल तर साध्या हिमोडायलिसिस यंत्रावर स्लेड (संथ, लांबवलेलं डायलिसिस) करा: रक्त १५० ते २००, डायलिसेट ३००, सहा ते आठ तास, सोबत पोर्टेबल आरओ. मध्यम शॉकमधला रुग्ण ते सोसतो, खर्च कितीतरी कमी, आणि दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेत प्रोन, सीटी उरकता येतं. २०२० च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमध्ये यंत्रं, द्रावणं आणि नर्सेस तिन्ही कमी पडले तेव्हा बेलव्ह्यूसारख्या रुग्णालयाने पोटातून होणारं पेरिटोनिअल डायलिसिस आयसीयूत चालू केलं होतं, हेही विसरू नये. मेंदूला सूज असेल किंवा नॉरअ‍ॅड फार वर असेल तिथे मात्र सीआरआरटीला पर्याय नाही.

सेकंडहँड घेताना तीन गोष्टी बघा: चारही काट्यांचं कॅलिब्रेशन कधी झालं, सेट सहज मिळतात का, आणि पंप हाताने फिरवायची दांडी सोबत आहे का. वीज गेली तर त्याच दांडीने रक्त परत द्यायचं असतं. त्या वेळी हवेचा सेन्सर बंद असतो, म्हणून रिटर्नचा क्लॅम्प हाताने मोकळा करताना एकाने दांडी फिरवायची आणि दुसऱ्याने निळ्या नळीवरून नजर हटवायची नाही. दांडी बहुतेक ठिकाणी हरवलेली असते.